नॉमिनी कोण, वारस कोण? मागे राहिलेल्या पैशांची आणि सोन्याची वाटणी कशी होते

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. कुणाला किती टक्के, तेही लिहून देता येतं. ही बातमी वाचून माझ्या नात्यातल्या तिघांनी मला जवळपास एकाच शब्दांत विचारलं, "म्हणजे आता मृत्युपत्र करायला नको ना?" तिघंही शिकलेले, त्यातले एक तर बँकेतूनच निवृत्त झालेले. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. त्यापायी सख्ख्या भावंडांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलेलं मी पाहिलं आहे, म्हणून हा लेख.

जमिनीच्या वाटणीबद्दल गावोगाव बोललं जातं. सातबारा, फेरफार, वारसनोंद हे शब्द सगळ्यांना ठाऊक असतात. पण माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यातच ज्या गोष्टींना हात लागतो त्या वेगळ्या: बँकेतले पैसे, एफडी, शेअर, लॉकरमधलं सोनं, स्कूटर, कपाटातल्या पैठण्या, देवघरातली चांदीची भांडी. कायद्यात हिला जंगम मालमत्ता म्हणतात, म्हणजे जागेवरून हलवता येणारी. आणि ती हलवता येते, यातूनच बहुतेक भांडणं सुरू होतात.

एक घर डोळ्यासमोर आणू

समजा, कोल्हापुरात एक निवृत्त शिक्षक वारले. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे पत्नी, म्हणजे माई. आबांची ८८ वर्षांची आई, म्हणजे आजी. थोरला मुलगा, सांगलीला दिलेली मुलगी. धाकटा मुलगा चार वर्षांपूर्वीच गेला. त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी याच घरात राहतात.

आबांच्या नावावर २० लाखांची एफडी आहे आणि तिला नॉमिनी थोरला मुलगा. लॉकर आबा आणि माई दोघांच्या नावावर, किल्ली थोरल्याच्या कपाटात. थोडे शेअर, एक स्कूटर आणि आबा रोज संध्याकाळी वाजवत ती पेटी.

थोरल्याला मनापासून वाटतं की एफडी आपली झाली, कारण बँकेच्या कागदावर आपलं नाव आहे. बहिणीला वाटतं, लग्न झाल्यामुळे आपण बोलायचंच नाही. धाकट्या सुनेला तर आपण या चर्चेत आहोत की नाही हेच माहीत नाही. तिघांचाही समज चुकीचा आहे.

आधी ठरवा, आबांचं काय होतं

वाटणी मेलेल्या माणसाच्या मालमत्तेची होते, घरातल्या सगळ्या वस्तूंची नाही. हे वाक्य साधं वाटतं, पण इथेच पहिली मोठी चूक होते. लॉकर उघडतो, दागिने बाहेर येतात आणि सगळ्याचे वाटे घालायची भाषा सुरू होते. त्यातल्या पाटल्या, मोहनमाळ, ठुशी, मंगळसूत्र माईंचं असेल तर ते माईंचंच. लग्नात माहेरून आलेलं, सासरी अंगावर घातलेलं, नवऱ्याने हौसेनं दिलेलं, हे सगळं स्त्रीधन. त्यावर तिची पूर्ण मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्वच्छ सांगितलं आहे. नवरा गेला म्हणून बायकोचं सोनं वाटणीला येत नाही. लॉकरच्या अर्जावर आबांचं नाव आधी असलं तरीही नाही.

जोडखात्याचंही तसंच. "दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो" असं खातं असेल तर बँक माईंना पैसे देऊन मोकळी होते. पण त्या खात्यात सगळी पेन्शन आबांची जमा होत असेल, तर त्या पैशांवर बाकीच्या वारसांचा हक्क उरतो. बँक कुणाला पैसे देते हा एक प्रश्न आणि पैसे कुणाचे हा दुसरा. पुढचं सगळं या दोन प्रश्नांना वेगळं ठेवण्यावर उभं आहे.

पाच वाटे

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आधी पहिल्या वर्गातल्या वारसांना मिळतं: मुलगे, मुली, पत्नी, आई, आणि आधीच वारलेल्या मुला-मुलींची मुलं व विधवा सून. ही मंडळी एकाच पंगतीला बसतात. आधी मुलगे, उरलं तर मुली, असं काही नाही.

आबांच्या घरात पाच समान वाटे होतात. माई एक, आजी एक, थोरला एक, मुलगी एक आणि वारलेल्या धाकट्याच्या शाखेचा एक. २० लाखांच्या एफडीत प्रत्येकी ४ लाख. धाकट्याचे ४ लाख त्याची बायको आणि मुलगी यांच्यात निम्मे, दोन-दोन लाख. नात अल्पवयीन आहे म्हणून "तिचं आम्ही बघू" असं म्हणून तो पैसा घरखर्चात मिसळू नये. तिच्या नावाने एफडी करावी.

लोकांना सगळ्यात जास्त आश्चर्य आजीच्या वाट्याचं वाटतं. मुलाच्या मालमत्तेत आईला नातवंडांइतकाच वाटा? हो, आणि तोही पूर्ण मालकीचा. याउलट आबांचे वडील हयात असते तर त्यांना काहीच मिळालं नसतं. वडील दुसऱ्या वर्गात येतात, आणि पहिल्या वर्गातलं एकही माणूस असेपर्यंत दुसऱ्याची पाळी येत नाही. थोरल्याच्या बायकोला स्वतःचा वाटा नाही, जावयालाही नाही.

आजीचा वाटा काढून ठेवला नाही तर पुढे गुंता होतो. उद्या आजी गेली तर तिचे ४ लाख तिच्या सगळ्या मुला-मुलींचे, म्हणजे आबांच्या भावा-बहिणींचेही. आबांची मुलं त्यात आबांच्या जागी येतात. "म्हातारीला पैसे कशाला" म्हणून आज सोडून दिलेला वाटा दहा वर्षांनी चुलत्यांच्या वकिलाच्या नोटिशीत परत येऊ शकतो.

हा हिशोब आबांच्या स्वतःच्या कमाईचा आहे. पगार, पेन्शन, बचत यातून आलेली जंगम मालमत्ता बहुधा याच प्रकारात बसते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आधी आबांचा हिस्सा किती ते काढावं लागतं. तिथे मुलींना २००५ पासून मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि बाप त्या वर्षी हयात होता की नाही याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं.

मुस्लिम कुटुंबात गणित वेगळं: मुलं असतील तर पत्नीला एक अष्टमांश, मुलीला मुलाच्या निम्मं, आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं. गोव्याची रीत आणखी निराळी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

मग नॉमिनी कशासाठी?

गर्दीच्या एसटीत मागचा प्रवासी तिकिटाचे पैसे पुढे करतो. आपल्या हातावरून ते कंडक्टरकडे जातात. क्षणभर नोट आपल्या हातात असते, पण ती आपली नसते. नॉमिनीचं काम एवढंच आहे. माणूस गेल्यावर बँकेला कुणाच्या तरी हातात पैसे देऊन आपली जबाबदारी संपवायची असते, तो हात कोणाचा हे आपण आधी लिहून ठेवतो. पुढे ते पैसे वारसांपर्यंत पोचवणं नॉमिनीवर आहे.

विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत मात्र बराच काळ गोंधळ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्याच एका निकालात नॉमिनीला शेअरचा मालक ठरवलं होतं. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी खटल्यात निकाल आला: नॉमिनेशन म्हणजे वारसा मिळण्याचा तिसरा रस्ता नव्हे. मालमत्ता जाते ती मृत्युपत्राने, नाहीतर वारसा कायद्याने.

चार नॉमिनींची सोय आली तरी यात काही बदललेलं नाही. हात चार झाले. ठेवींसाठी चौघांना एकाच वेळी टक्केवारीने नेमता येतं, किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी फक्त क्रमानेच. मला ही सोय चांगली वाटते, कारण एकाच मुलाच्या हाती सगळं जाऊन बाकीच्यांनी त्याच्या मागे फिरायची पाळी कमी येईल. आबांनी माई, थोरला, मुलगी आणि धाकटी सून असे चौघे लिहिले असते तर अर्धं काम बँकेच्या काउंटरवरच झालं असतं.

दोन ठिकाणी जपून. विम्याचा कायदा २०१५ साली बदलला. पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी नॉमिनी म्हटलं गेलं. त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपतो की नाही, यावर उच्च न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिले आहेत. नवऱ्याने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे पॉलिसी घेतली असेल तर मात्र प्रश्न नाही, ती रक्कम त्यांच्यासाठी राखीव असते. दुसरं, भविष्य निर्वाह निधी. कुटुंब असेल तर बाहेरच्या माणसाला तिथे नॉमिनी करता येत नाही आणि लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर रद्द धरलं जातं. नोकरीला लागताना आईचं नाव लिहून नंतर तो फॉर्म विसरलेली पुष्कळ मुलं आहेत. त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते नाव तपासावं.

"आईचं सोनं मुलींचं" खरं का?

रूढी म्हणून सुंदर आहे, कायदा म्हणून नाही. बाई मृत्युपत्र न करता गेली तर पहिला हक्क तिच्या मुलग्यांचा, मुलींचा आणि नवऱ्याचा, तिघांना सारखा. सोनंही त्यातच आलं. उद्या माई गेल्या तर थोरला आणि मुलगी यांना एकेक वाटा आणि धाकट्याचा वाटा त्याच्या मुलीला. धाकट्या सुनेला मात्र इथे काही नाही. सासऱ्यांच्या मालमत्तेत विधवा सुनेला वाटा आहे, सासूच्या मालमत्तेत नाही. एकाच घरातले दोन कपाटं, पण दोन वेगळे नियम.

"पण आई मला म्हणाली होती, माझी बोरमाळ तुला." हे वाक्य मी किती मुलींच्या तोंडून ऐकलं असेल. आई खरंच म्हणाली असणार, त्यात शंका घ्यायचं कारण नाही. पण नुसतं म्हणण्याला कायद्यात वजन नाही. जंगम वस्तूचं दान हातात दिल्याने पूर्ण होतं, त्याला नोंदणी लागत नाही. आईने हयातीत बोरमाळ मुलीच्या हातात ठेवून "ही तुझी" म्हटलं असेल तर ती मुलीची झाली, वाटणीला येणार नाही. "मी गेल्यावर घे" म्हटलं असेल तर ती इच्छा. ती पाळायची तर सगळ्या वारसांनी मिळून पाळायची. सणावाराला, सगळ्यांसमोर, फोटो काढून दिलेला दागिना पुढचे कित्येक वाद टाळतो.

मूल नसलेल्या बाईचं काय होतं, हे वाचून मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. मुलं नाहीत, नवराही नाही, तर तिची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांना जाते. तिचे आई-वडील त्यानंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये ती गेली तेव्हा बँकेत पैसे होते, भविष्य निर्वाह निधी होता. न्यायालयाने कायद्याचा शब्द मानला आणि ते सगळं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेलं. आई-वडिलांकडून वारशाने मिळालेलं तेवढं, मुलं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. तिच्या स्वतःच्या घामाचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं ते याच कलमामुळे. नोकरी करणाऱ्या माझ्या प्रत्येक मैत्रिणीला मी हे सांगते, तुम्हीही सांगा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सही आणि ती सही पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या, हे मात्र हवंच. डायरीत लिहून ठेवलेली यादी साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र होत नाही. मुंबईत मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा न्यायालयाचा शिक्का, घ्यावाच लागे. ती सक्ती संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढली.

कोणत्या वस्तूला कोणता कागद

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. २१ दिवसांत नोंद करावी आणि प्रती भरपूर घ्याव्यात, कारण प्रत्येक दारात एक लागते.

बँकेला लगेच कळवा. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरून "अंत्यविधीच्या खर्चापुरते" पैसे काढणं फार घरांत होतं आणि हेतूही वाईट नसतो. पण ते नियमाबाहेर आहे आणि पुढे भावंडांच्या मनात "अजून किती काढले असतील" हा प्रश्न पेरून जातं. खर्च एकाने करावा, पावत्या ठेवाव्यात, वाटणीच्या आधी ती रक्कम त्याला परत मिळावी.

नॉमिनी नसेल तरी दर वेळी न्यायालयात जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना सोपी कागदपत्रं पुरतात. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई बँकेने द्यायची. हे नियम ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितलं होतं. काउंटरवर कुणी "सक्सेशन आणा", म्हणजे न्यायालयाचं सक्सेशन सर्टिफिकेट आणा, म्हणून परत पाठवलं तर शांतपणे हे निर्देश विचारा. गावोगावच्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, तिथे त्यांचे उपविधी बघावे लागतात.

सक्सेशन सर्टिफिकेट दिवाणी न्यायालयातून मिळतं आणि ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं, म्हणजे बँकेतल्या ठेवी, शेअर, बाँड यांच्यासाठी. सोनं, गाडी, घर यांना ते लागू नाही. आपल्याकडे आणखी एक जुना कागद आहे: वारस दाखला, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा हा नियम महाराष्ट्रात अजून चालतो आणि त्यात सगळी मालमत्ता येते. पण दाखला एकाच्या नावाने निघाला म्हणून तो एकटा मालक होत नाही. एसटीतल्या नोटेची गोष्ट इथेही लागू आहे.

स्कूटरसाठी ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने ती वापरता येते, तेवढ्यात फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. विम्यावरचंही नाव बदला. नाही तर अपघात झाला की अडचण. आणि आबांची एखादी विसरलेली ठेव असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम या संकेतस्थळावर दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी शोधता येतात.

कर्जही वारशानेच येतं का?

येतं, पण मर्यादेत. आबांचं वैयक्तिक कर्ज आबांच्या मालमत्तेतून फेडायचं, आणि वारसाची जबाबदारी त्याला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. २० लाख मागे आणि ६ लाखांचं कर्ज असेल तर १४ लाखांची वाटणी. मागे काहीच नसेल, तर वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून स्वतःच्या पगारातून भरायची गरज नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून आपण सही केली असेल तर मात्र भरावं लागेल. वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही. आबांचं शेवटचं आयकर विवरणपत्र मात्र वारसाने भरायचं असतं.

"तिच्या लग्नात आम्ही खर्च केला की!"

कायदा लग्नाचा खर्च वाट्यातून वजा करत नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसुद्धा करत नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही.

"आम्ही दहा वर्षं अंथरुणातली सेवा केली, त्याचं काय?" हा आक्षेप मला खरा वाटतो. सुनेने, मुलाने किंवा लग्न न करता घरी राहिलेल्या मुलीने उपसलेले कष्ट या पाच समान वाट्यांत कुठेच दिसत नाहीत. पण त्याचं उत्तर दुसऱ्याचा वाटा दाबण्यात नाही. आई-वडिलांनी हयातीत मृत्युपत्र करून त्या व्यक्तीला जास्त द्यावं, किंवा भावंडांनी आपण होऊन द्यावं. औषधोपचाराचा खर्च कागदावर मांडून आधी फेडून घेतला तरी बराच कडवटपणा जातो.

हक्कसोड हा शब्द तेराव्याच्या आत तरी घरात काढू नये. बहीण रडून थकलेली असते, पाहुणे बसलेले असतात आणि कुणीतरी पुढे कागद सरकवतं: "नुसती सही, ताई, बाकी काही नाही." त्या सहीने तिचा हक्क संपतो आणि तो परत मिळवणं अतिशय कठीण असतं. तिला सोडायचाच असेल तर महिना-दोन महिन्यांनी, किती सोडते आहे तो आकडा पाहून, स्वखुशीने सोडावा. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात घालणं हा अन्याय आहे. भाऊबीजेची साडी आणि वारसाहक्क यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

न तुटणाऱ्या वस्तू

पैशांचे पाच वाटे होतात, पेटीचे होत नाहीत.

आधी यादी. सगळ्या वारसांच्या देखत, वस्तूचा फोटो काढून. लॉकर उघडताना बँकही साक्षीदारांसमोर यादी करते, तीच पद्धत कपाटाला लावा. सोनं एकाच सराफाकडे, एकाच दिवशी, सगळ्यांच्या उपस्थितीत तोलून घ्या. जुन्या दागिन्यांत लाख भरलेली असते, खडे असतात, ते वजनातून जातं. घडणावळ धरायची नाही, मोडीचा भाव धरायचा. मोहनमाळ मोठी दिसते आणि तोडे लहान, पण काट्यावर उलट निघू शकतं.

मग किमतीने सारखे वाटे घालून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि घरातल्या लहान मुलाकडून उचलाव्यात. वारस दोनच असतील तर जुनी रीत उत्तम: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे करणारा आपोआप काटेकोर होतो. गोव्यात याचं पूर्ण शास्त्रच आहे. तिथे पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेतला अर्धा भाग मागे राहिलेल्या जोडीदाराचा असतोच, आणि गेलेल्याच्या अर्ध्या भागातला निम्मा मुलांसाठी राखीव, मृत्युपत्रानेही तो काढून घेता येत नाही. इन्व्हेंटरी नावाच्या न्यायालयीन प्रक्रियेत सगळ्या मालमत्तेची यादी होते, हयातीत एखाद्या मुलाला दिलेलं दानही हिशोबात धरता येतं आणि वारस आपसांत बोली लावतात. जो जास्त बोलतो तो वस्तू घेतो आणि वाट्यापेक्षा जास्तीची रक्कम इतरांना देतो. न्यायालयात न जाता घरातल्या घरात अशी बोली लावायला महाराष्ट्रातही कुणाची आडकाठी नाही.

जे ठरेल ते लिहा. कोणी काय घेतलं, कोणाला किती रोख दिली, सगळ्यांच्या सह्या. फक्त जंगम मालमत्तेच्या अशा समझोत्याला नोंदणी लागत नाही. घर किंवा जमीन आली की स्टँप आणि नोंदणीबद्दल वकिलाला विचारावं.

काही वस्तूंना मात्र मोडीचा भाव नसतोच. माझ्या आजीचं पितळी पुरणयंत्र सराफाकडे नेण्यासारखं नव्हतं आणि तिन्ही लेकींना ते हवं होतं. चिठ्ठी टाकायलाही कुणी तयार होईना. शेवटी तिघींनी ठरवलं की होळी झाली की ते पुढच्या घरी जायचं. आईकडून धाकट्या मावशीकडे, तिच्याकडून थोरलीकडे. एकोणीस वर्षं ते असंच फिरतं आहे. मधली जाळी एकदा बदलली, त्याचे पैसे तिघींनी भरले. यंदा ते मावशीकडे पुण्यात आहे.